सूनबाईंची पहिली सही

आमच्या सूनबाई काय काम करतात असं कुणी विचारलं की मी आधी त्याला बसायला खुर्ची देते. उत्तर लांबलचक आहे आणि उभ्याने ऐकणारा माणूस मधेच पळ काढतो, असा माझा अनुभव आहे. आमचे चिरंजीव कवळ्या बनवतात. ते सगळ्यांना चटकन कळतं, काही जण तर लगेच आ करून दाखवायला लागतात. पण सुनेचं काम? "बिनतारी यंत्रं एकमेकांच्या पायात पाय घालतात का, ते ती तपासते," असं मी सांगते. समोरचा माणूस "असं होय!" म्हणतो आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की बिचारीचं वय झालं.

वय झालंय, कबूल. पण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली बाई आहे मी. एका लाइनीत दुसऱ्या लाइनीचं बोलणं घुसलं की काय रणकंदन होतं ते मी या दोन कानांनी ऐकलंय. एकदा तर एक गृहस्थ बायको समजून भलत्याच बाईची माफी मागत होते, आणि त्या बाईने त्यांना माफ केलं पण! त्यामुळे घरात सुनेचं काम कुणाला कळत असेल तर ते मला. चिरंजीवांना लग्नाला बारा वर्षं झाली तरी वाटतं की ती अँटेना दुरुस्त करते.

काम असं आहे. वाय-फायचा डबा, कानात घालायची ती बिनतारी बोंडं, मनगटावरची घड्याळं, दाराची बेल, मुलांची खेळण्यातली गाडी, ही सगळी हवेतून बोलतात. आणि बोलायला जागा मोजकीच. म्हणजे घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी जायचं असतं. शहाणी यंत्रं बाहेर थांबतात, आत कोणी आहे का ते ऐकतात, मग जातात. आगाऊ यंत्रं दार ढकलतात. सूनबाई या सगळ्यांना एका खोलीत कोंडतात आणि कोण कसं वागतंय ते मोजतात.

मला ती आधी आवडली नव्हती, हे सांगून टाकते. लग्न ठरायच्या आधी घर बघायला आली, तर आल्या आल्या विचारते काय, "तुमचा वाय-फायचा डबा कुठे आहे?" तो लोखंडी कपाटामागे होता. या बाईने बॅग खाली ठेवली, चिरंजीवांना कपाटाची एक बाजू धरायला लावली आणि कपाट हलवलं. माझं कपाट! पहिल्याच भेटीत! मी आतल्या खोलीत जाऊन यांना म्हटलं, "ही मुलगी आपल्या घरात नको बाई." हे तेव्हा होते. ते म्हणाले, "मला तर पसंत आहे, मघापासून क्रिकेट अडकलेलं नाही." नेट सुधारलं होतं ते खरंच. पण मी तिला ते तीन वर्षं बोलून दाखवलं नाही.

अशी यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती लागली ती कोठीघरात. वायरी मोजायच्या, त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, कोण काय घेऊन गेलं ते लिहायचं. संध्याकाळी डिप्लोमाचे वर्ग. घरी आली की एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरायची. मी ओरडायचे, "ताटात बघून जेव गं!" अकरा वर्षांत ती कोठीघरातून टेबलापाशी आली, टेबलापासून यंत्रं कोंडायच्या त्या निळ्या खोलीपर्यंत गेली, आणि या वर्षी तिला सहीचा अधिकार मिळाला.

ही सही म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही बरं. तिथे तपासणारे पुष्कळ, पण अहवालावर सही चालते ती फक्त यादीत नाव असलेल्या माणसांची. यादीत तीन माणसं होती. ती चौथी झाली. यादीतल्या माणसाने सही केली की ते यंत्र बाहेर जातं, लोकांच्या घरात, दवाखान्यात. आमच्या बाईसाहेब आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रांच्या समासात सह्या गिरवत होत्या. चिरंजीव म्हणाले, "अगं, नटी झालीस का काय?" मी मात्र इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगून आले. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं. तो पाहुणा निघाला.

आणि सहीचं पहिलंच यंत्र काय आलं, तर बाळाचा मोजा.

एवढासा, माझ्या अंगठ्यात घालण्याजोगा. जन्मल्या जन्मल्या जी बाळं अशक्त असतात त्यांच्या पायात तो घालायचा. त्यात बटणाएवढं यंत्र. ते बाळाची नाडी बघतं आणि दर सेकंदाला नर्सच्या टेबलावरच्या दिव्यांच्या फळ्याला हवेतून निरोप पाठवतं. आधी म्हणे बाळाच्या अंगाला चार वायरी असायच्या, आईला धड कुशीत घेता यायचं नाही. मोजा करणारे गृहस्थ धिप्पाड, मिशाळ, आवाज तर असा की फोन न करता पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. घरात आम्ही त्यांना मोजेवाले म्हणायला लागलो. त्यांनी या मोज्यापायी चार वर्षं घातली होती.

सूनबाईंनी मोजा तपासला. पास केला. सही केली. त्या दिवशी घरी आली ती गातच आली. तिला गाता येत नाही, पण त्या दिवशी आम्ही कुणी काही बोललो नाही. एका दवाखान्यात पुढच्या गुरुवारपासून बाळांना मोजे घालायचे ठरलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. रविवारी दुपारी नेटवाला आला. आमचा जुना डबा बदलून नवा बसवायचा होता. त्याने जुना डबा काढला, वायर काढली, आणि नवा डबा खाली गाडीतच राहिला म्हणून तो आणायला गेला. मी सोफ्यावर टॅब्लेटवर मालिका बघत बसले होते. सून स्टुलावर चढून डब्याच्या जागेवरची धूळ पुसत होती. पुसता पुसता ती थांबली.

"आई, हे चालू कसं आहे?"

"बोटाने चालू केलं."

"तसं नाही हो. डबा खाली पडलाय. नेटच नाहीये घरात. मग मालिका कुठून येतेय?"

"मला काय विचारतेस? तज्ज्ञ तू!"

"हा भाग काल बघितला होता का तुम्ही?"

"बघितला होता. अर्ध्यात डोळा लागला, म्हणून परत लावला. आता तरी बघू देशील का?"

ती स्टुलावरून उतरली. फडकं हातात तसंच. चेहरा पार उतरला. मला वाटलं, चक्कर आली. मी टॅब्लेट फेकून उठले.

"मासे," ती म्हणाली.

"कसले मासे? काय बोलतेस? बस आधी खाली."

पाणी प्यायली तेव्हा कुठे बाईने नीट सांगितलं. मोजा तपासायचा तर शेजारी गर्दी पाहिजे, वाय-फायचा डबा भरपूर बडबडत पाहिजे. एरवी ही गर्दी करायला त्यांच्याकडे खास यंत्र असतं. ते नेमकं दुरुस्तीला गेलं होतं. तेव्हा हिनेच डोकं चालवलं, की टॅब्लेटवर वाय-फायवरून सिनेमा लावून ठेवू, चांगला मोठ्ठा, स्वच्छ चित्राचा. म्हणजे डबा सारखा टॅब्लेटशी बोलत राहील. तिने समुद्रातल्या माशांची लांबलचक फिल्म निवडली. तीस वेळा चाचणी, तीस वेळा तेच मासे. पहिल्यांदा डबा सगळ्यांत लांब ठेवलेला, मग दर वेळी थोडा जवळ. पहिल्या वेळेला हवेत किती गर्दी आहे त्याचा फोटो काढून अहवालाला जोडला. फॉर्ममध्ये फोटो एकदाच मागितलाय, म्हणून एकदाच काढला.

"आणि एकदा बघितलेलं टॅब्लेट स्वतःजवळ ठेवून घेतो," ती म्हणाली. "तुमच्या मालिकेसारखं. आई, दुसऱ्या वेळेपासून मासे टॅब्लेटच्या पोटातूनच दिसत असणार. हवेत कुणी बोलतच नसणार. मी एकोणतीस वेळा रिकाम्या घरात गर्दी मोजली."

मी समजूत घालायला गेले, "असेलच असं नाही गं." ती तोवर चप्पल घालत होती.

चिरंजीव त्यांना कवळ्या शिकवणाऱ्या गुरुजींकडे गेले होते. तिला एकटीला या अवस्थेत कशी सोडणार? मी पण निघाले. नेटवाला नवा डबा घेऊन जिन्यात भेटला. त्याला मी सांगितलं, "बाबा, शेजारच्या काकूंकडे चहा पी, आम्ही आलोच." आम्ही आलो चार तासांनी. त्याने काकूंचाही डबा बदलून दिला होता.

तिची खोली मी पहिल्यांदाच बघितली. दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत जाणाऱ्याने फोन, घड्याळ, बोलणारं जे जे असेल ते त्यात टाकायचं. मी फोन टाकला. पहारेकरी म्हणाला, "आजी, कानाचं मशीन?" मी म्हटलं, "माझे कान तुझ्यापेक्षा शाबूत आहेत!" आत भिंतीवर, छतावर, दारावरसुद्धा फोमचे निळे सुळके, हातभर लांब. मधोमध लाकडी टेबल. आत पाऊल टाकलं आणि आवाजच मेला. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. टेबलावर बाळाचा रबरी पाय होता, त्यात खोटी नाडी. त्याला तो मोजा घातलेला. मला उगाच त्या पायावर पांघरूण घालावंसं वाटलं.

आम्ही बाहेर येऊन दार लावलं. तिथे नियमच आहे, एकाने यंत्राकडे बघायचं, दुसऱ्याने फळ्याकडे बघून सांगायचं. एरवी हे दुसरं काम तिचा जोडीदार करतो, चष्मेवाला म्हणतात त्याला. रविवारी तो कुठून येणार! "आई, तुम्ही सांगाल?" तिने विचारलं. "अधिकृत नाही हे. मला फक्त कळायला हवंय." मी पदर खोचला आणि फळ्यासमोर बसले. दर सेकंदाला निरोप आला की हिरवा ठिपका लागायचा. तो लागला की मी "आला" म्हणायचं.

आधी तिने जुने मासे लावले. आला, आला, आला. एकही चुकला नाही. तिने हवेतली गर्दी दाखवणाऱ्या पडद्याकडे बोट केलं. तिथे काही नव्हतं. सपाट रेघ. मग ती आत गेली, वाय-फायचा डबा मोज्याच्या जवळ सरकवला, कधीच न बघितलेली दुसरी फिल्म लावली आणि बाहेर आली. पडदा असा उसळला की मला वाटलं बिघडला.

"आला," मी म्हटलं. "आला. आला." आणि मग ठिपका लागेना.

मी वाट बघत राहिले. सूनबाई सेकंद मोजत होती, ओठ हलत होते. मी खुर्चीतून उठून फळ्याला नाक लावलं. तो रबरी पाय आहे हे मला माहीत होतं. तरीसुद्धा.

"आला!" मी ओरडलेच.

"चौदा," ती म्हणाली. "तीन सेकंदांच्या वर गप्प राहिला तर नापास. हा चौदा सेकंद गप्प होता."

परत येताना रिक्षात ती बोटांवर दिवस मोजत होती. आणि मी, आता लपवून काय करू, मी तिला भलता सल्ला दिला. म्हटलं, "हे बघ, उद्या लगेच बोभाटा करू नकोस. त्या मोजेवाल्याला एकीकडे घे, म्हणावं सुधारून आण, आणि गुपचूप परत तपास. तुझी पहिलीच सही आहे. अकरा वर्षं घालवलीस तिच्यासाठी." मला तिची काळजी होती. आणि खरं सांगायचं तर मला लिफ्टमधल्या लोकांचीही काळजी होती.

ती म्हणाली, "आई, गुरुवारी बाळांना घालणार आहेत ते."

एवढंच म्हणाली. मला माझीच लाज वाटली. घर येईपर्यंत मी रिक्षाबाहेर बघत बसले.

सोमवारी तिने मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठे साहेब वाईट माणूस नाही, घाबरट आहे. ते म्हणाले, "फॉर्ममध्ये जे विचारलं ते तू भरलंस. चूक असलीच तर फॉर्मची. अहवाल मागे घेतला तर नियम ठाऊक आहे ना? ज्याने मागे घेतला त्याची सही बंद. चौकशी समिती बसेपर्यंत बंद, आणि नंतर मिळेलच असंही नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे." चष्मेवाला म्हणाला, "मी पण होतो, माझंही नाव घाला." तिने घातलं नाही. सिनेमाची कल्पना तिची होती म्हणे. दुपारपर्यंत पत्र गेलं. दवाखान्याला, मोजेवाल्यांना. पत्रात स्वच्छ लिहिलं, माझी तपासणी चुकीची होती, माझी सही रद्द समजावी, कृपया मोजे वापरू नयेत. खाली परत तिचीच सही. यादीतून तिचं नाव त्याच संध्याकाळी काढलं.

मंगळवारी संध्याकाळी मोजेवाले घरी आले. बेल वाजवली नाही, दारच ठोठावलं. मी दार उघडलं तर मिशा थरथरत होत्या.

"कुठे आहेत त्या? आधी पास म्हणायचं, मग नापास म्हणायचं, हा काय पोरखेळ आहे का? चार वर्षं! चार वर्षं घातलीत मी! गुरुवारी सुरू होणार होतं! तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मला!"

"आवाज खाली," मी म्हटलं. "हे घर आहे, बाजार नाही." मी आणखी चार गोष्टी ऐकवणार होते, जिभेवर आल्या होत्या, पण सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"दादा, बसा. चूक माझी आहे. तुम्हाला बोलायचं तेवढं बोला."

ते बोलले. पुष्कळ बोलले. चिरंजीव हातात कवळी घेऊन दारात उभे राहिले, मधे पडावं की नाही ते त्यांना कळेना. सगळं बोलून झालं आणि मोजेवाले धापा टाकत म्हणाले, "आणि काय तर म्हणे चौदा सेकंद! चौदा सेकंदांत काय आभाळ कोसळतं?"

ती म्हणाली, "आपण सगळे चौदा सेकंद गप्प बसू या का? नर्सबाई फळ्याकडे बघत बसलीय, आणि फळा काहीच सांगत नाहीये, असं समजा."

ते "ह्यॅ" म्हणाले, पण बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. पाच सेकंदांपर्यंत ते छताकडे बघत होते. आठव्या-नवव्याला त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग जमिनीकडे. बारा झाले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते. चौदा झाले.

"मला नातू झालाय," ते म्हणाले. आवाज एवढासा. "तीन आठवड्यांचा आहे."

मी चहा टाकला. दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. मोज्याने आधी ऐकायचं, जागा भरलेली असेल तर दुसऱ्या जागेवर सरकायचं, एकच निरोप दोनदा पाठवायचा, असं काय काय चाललं होतं. तिला उपाय सुचवायची परवानगी नसते, तपासणाऱ्याने तपासायचंच फक्त. म्हणून ती नुसती काय झालं ते सांगत होती, आणि उपाय मोजेवाले स्वतःच लिहून घेत होते. जाताना माझ्या पाया पडायला वाकले, मी म्हटलं, "राहू द्या, कमरेत उसण भरेल."

पुढचे दोन महिने घरात जरा जड गेले. सूनबाई कामावर जात होती, तपासत होती, पण सही दुसऱ्याची. फावल्या वेळात वायरींना चिठ्ठ्या चिकटवायची, अकरा वर्षांपूर्वीसारख्या. घरी आली की हसायची, पण मला काय कळत नाही? गाणं बंद होतं. देवा, मला कधी वाटलं नव्हतं की मी तिच्या त्या बेसूर गाण्याची वाट बघेन. इमारतीत कुणी विचारलं, "काय म्हणतेय सही?" तर मी छाती काढून सांगायचे, "मागे घेतली. स्वतःहून. तुमच्यात आहे का कुणाची टाप?" लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले.

तिने एक काम मात्र केलं. फॉर्ममध्ये नवा रकाना घातला. हवेचा फोटो एकदा नाही, दर चाचणीला, सुरुवातीला आणि शेवटी. मोठ्या साहेबांनी तो मान्य केला, कपाळाला हात लावत का होईना.

मोजेवाले नवा मोजा घेऊन आले तेव्हा चौकशी समिती अजून बसलेलीच नव्हती. हे मला चष्मेवाल्याने सांगितलं, तो तिथे होता. मोठे साहेब म्हणाले, "छान! तपासणी त्या करतील, सही मी करतो. आठवड्यात मोकळे व्हाल."

मोजेवाल्यांनी टेबलावर ठेवलेला मोज्याचा डबा उचलून परत काखोटीला मारला. "मग राहू द्या, साहेब. त्यांची सही परत येईल तेव्हा येतो."

"अहो, त्याला महिना लागेल! आणि माझी सही काय कमी वजनाची आहे का? वीस वर्षं करतोय!"

"वजनाचं नाही हो. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी मला एकच गोष्ट विचारली. 'ज्यांनी स्वतःची सही मागे घेतली, त्या बाई काय म्हणतात?' आता तुमची सही नेऊन मी त्यांना काय सांगू?"

सूनबाई कोपऱ्यात वायर गुंडाळत होती. तिने गुंडाळलेली वायर सोडली आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला घेतली, असं चष्मेवाला म्हणाला.

ते सव्वीस दिवस थांबले. दवाखाना थांबला. समिती बसली, तीन माणसं. हिला दोन तास प्रश्न विचारले. मग मोठ्या साहेबांना विचारलं, यांची सही परत द्यावी का? तो घाबरट माणूस घसा साफ करून म्हणाला, "गिऱ्हाईक माझी सही घेत नाहीये. मी काय सांगू?" यादीत परत चार नावं झाली.

तपासणी चालली तीन दिवस. गर्दीचं यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं, शिवाय दर वेळी नवी फिल्म, दर वेळी फोटो. मोजा कुठेही दोन सेकंदांच्या वर गप्प राहिला नाही.

त्या दिवशी ती घरी आली ती गातच. मी खिडकी लावून घेतली, शेजाऱ्यांच्या कानांचा विचार करून. मग तिला समोर बसवलं आणि विचारलं, "झाली सही?"

"झाली. पण आई, अर्धा तास लागला. पेन धरून बसले होते आणि अहवाल परत परत वाचत होते. मोजेवाले दादा समोर बसले होते. मी म्हटलं, 'कंटाळलात का?' तर म्हणाले, 'वाचा, बाई. अजून एकदा वाचा.'"

त्याच आठवड्यात दवाखान्यात सात बाळांना मोजे घातले. वायरी काढल्या. मोठ्या नर्सबाईंनी फोन करून तिला सांगितलं की आयांनी बाळं अशी कुशीत घेतली की खाली ठेवायलाच तयार नव्हत्या. ती मला सांगत होती आणि मी ढसाढसा रडत होते. चिरंजीव घाबरून म्हणाले, "आई, दाढ दुखतेय का?"